पेशवे पार्कच्या प्राणिसंग्रहालयाचा स्मृतिसंग्रह : नागरिकांना आवाहन

पुण्यातील आणि पुण्याबाहेर स्थायिक झालेल्या सर्व पुणेकरांस सप्रेम नमस्कार.

सारसबागेला लागून असलेल्या पेशवे उद्यानात, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘पेशवे पार्क’मध्ये, एके काळी जे प्राणिसंग्रहालय होते, त्याची छायाचित्रे, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणी एकत्र करून त्यांचा कायमस्वरूपी संग्रह उभारण्याचे काम आमच्या नागरिक समितीने हाती घेतले आहे. या कामासाठी आपल्या घरातील जुने अल्बम, आपला थोडा वेळ आणि शक्य असल्यास आर्थिक साहाय्य मागण्यासाठी हे निवेदन आहे. प्राणिसंग्रहालय त्याच जागी पुन्हा सुरू करावे, अशी आमची मागणी नाही. तसा गैरसमज काही परिचितांच्या बोलण्यातून जाणवला, म्हणून आरंभीच हे स्पष्ट करतो.

या जागेचा प्राण्यांशी असलेला संबंध महापालिकेपेक्षा पुष्कळ जुना आहे. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले. त्या तळ्यातील बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली आणि तोच पुढे ‘तळ्यातला गणपती’ म्हणून प्रसिद्ध झाला. सवाई माधवरावांना प्राण्यांची विलक्षण आवड होती आणि पर्वतीच्या परिसरात त्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना या शब्दावरून शिकारीच्या सामानाची कोठी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तेथे जिवंत वन्यप्राणी पाळलेले असत. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपून ठेवलेले आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात असलेला गेंडा कसा दिसत होता, हे आज जगातील कोणालाही पाहता येते, कारण कोणीतरी ते चित्र काढून घेतले आणि कोणीतरी ते सांभाळले. आपल्या आईवडिलांनी पाहिलेले प्राणिसंग्रहालय मात्र अजून घराघरांतल्या कपाटांत आणि ट्रंकांत विखुरलेले आहे.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली आणि १९५३ मध्ये तिने पेशवे उद्यान सुरू केले. प्राणिसंग्रहालयासाठी जागा होती जेमतेम सात एकर. पिंजऱ्यांतील हिंस्र श्वापदे, हरणे, माकडे, मोर, हत्तीवरची फेरी, खेळण्याची साधने असा सगळा मेळ त्या सात एकरांत बसवलेला होता, आणि १९५६ मध्ये ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी त्यात आली. प्राणी पाहणे आणि गाडीत बसणे या दोन गोष्टींसाठी वेगवेगळ्या ठिकाणी जाण्याची ऐपत किंवा सवड नसलेल्या कुटुंबांना एकाच फेरीत दोन्ही मिळत असे. वाड्यातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या घरातील चार मुले, त्यांच्या जोडीला सुट्टीला आलेली मामेभावंडे आणि त्यांना सांभाळायला एखादी मावशी किंवा आत्या, हे अशा सहलीचे नेहमीचे चित्र. आधी तळ्यातल्या गणपतीला नमस्कार, मग पार्क, मग फुलराणी आणि अंगात बळ उरले असेल तर पर्वती. हा क्रम बदलला की मुले कुरकुरत, कारण गाडीचे तिकीट संपेल ही धास्ती असे.

महाराष्ट्राचे जुने प्राणिसंग्रहालय म्हटले की मुंबईच्या राणीबागेचे नाव आधी निघते. तिचा इतिहास मोठा आहे आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. पेशवे पार्कच्या वाट्याला तेवढे लेखन आले नाही. पण पुण्यातल्या किमान दोन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ येथेच पाहिला.

हे प्राणिसंग्रहालय बंद का झाले, याची उत्तरे पुण्यात निरनिराळी ऐकू येतात आणि त्यांत राजकारणापासून जागेच्या किमतीपर्यंत सर्व काही येते. आमच्या समजुतीप्रमाणे मूळ कारण जागेतच होते. सात एकरांत वाघ-सिंह ठेवायचे म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर गजांचे पिंजरे उभारणे आले; पिंजऱ्यातला प्राणी चार पावले जाऊन वळणार, पुन्हा चार पावले जाऊन वळणार. ही येरझार पाहून ‘वाघ कसा ऐटीत फिरतो आहे’ असे आपण मुलांना सांगत होतो. प्रत्यक्षात कोंडलेल्या प्राण्याच्या ताणाचे ते लक्षण असते. शिवाय जे शहर १९५३ मध्ये पर्वतीच्या अलीकडे संपत होते, ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पार्कच्या चारही बाजूंनी पसरले. स्वारगेटची वाहतूक, कर्ण्यांचा आवाज, फटाके आणि धूर या सगळ्यांच्या मधोमध ते पिंजरे उरले. आणि यात आपलाही वाटा होता. माकडांना शेंगदाणे टाकणे, झोपलेल्या सिंहाला उठवण्यासाठी खडा मारणे, कठड्यावर चढून मुलाला पुढे धरणे, हे करणारे लोक बाहेरगावचे नव्हते.

कायद्याने या सगळ्याची दखल तशी उशिरा घेतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी मान्यतेचे नियम आले. त्यानंतर प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून देशात कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येईना. पिंजऱ्याचे क्षेत्रफळ, पशुवैद्यकीय सोय, प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांपासून सुट्टी अशा अनेक अटी लागू झाल्या. प्राण्याला चिडवणे, इजा करणे किंवा खाऊ घालणे हा अपराध ठरला. सात एकरांच्या पार्कला या अटींत बसण्यासाठी एक तर प्राणी कमी करावे लागले असते किंवा जागा वाढवावी लागली असती, आणि जागा वाढण्याची सोय कोणत्याच बाजूला नव्हती.

सुदैवाने पुण्याकडे दुसरी जागा होती. कात्रज येथे १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले होते. त्याच परिसरात महापालिकेने सुमारे १३० एकरांवर नवे प्राणिसंग्रहालय विकसित केले, ते १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय या नावाने खुले झाले आणि पेशवे पार्कमधील प्राण्यांनी टप्प्याटप्प्याने आपले बिऱ्हाड तिकडे हलवले. तेथे मोकळ्या आवारांभोवती खंदक आहेत आणि प्राण्यांना माणसांच्या नजरेआड जाता येते. हा निर्णय योग्यच होता, असे आम्ही मानतो. समितीतील दोन-तीन ज्येष्ठ सदस्यांना अजूनही तो पटत नाही. ‘पोरांना चालत जाऊन वाघ दिसायचा, आता बस बदलून जावे लागते’ ही त्यांची तक्रार आम्ही येथे नोंदवत आहोत, कारण तीही या इतिहासाचाच भाग आहे.

या स्थलांतरात एक योग मात्र लक्षात ठेवावा असा आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाच्या हद्दीत जो तलाव आहे तोही नानासाहेब पेशव्यांच्याच काळातला. तेथून नळांनी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत पाणी आणले होते. हा तलाव आंबिल ओढ्यावरच आहे. म्हणजे पेशवे पार्कमधील प्राणी एकाच ओढ्याच्या खालच्या अंगाकडून वरच्या अंगाला गेले.

पार्कमध्ये नंतर ऊर्जा उद्यान झाले, आणि फुलराणी अधूनमधून दुरुस्तीसाठी थांबत असली तरी ती अजून पुण्याची लाडकी आहे. आज तेथे खेळणाऱ्या मुलाला मात्र ‘इथे सिंह होता’ असे सांगितले तर ते आजोबांची थट्टा समजते.

आता प्रत्यक्ष मागणीकडे वळतो. पेशवे पार्कमध्ये काढलेले कोणतेही छायाचित्र आम्हाला हवे आहे. पुष्कळ जण म्हणतात की आमच्या फोटोत प्राणी नाही, नुसती आमची मुले उभी आहेत. असेच फोटो अधिक उपयोगाचे ठरतात, कारण मुलांच्या मागे पिंजऱ्याची जाळी, पाटी, तिकीटखिडकी किंवा फुलराणीचा फलाट आलेला असतो आणि त्यावरून उद्यानाचा जुना आराखडा जुळवता येतो. निगेटिव्ह असतील तर त्या अवश्य द्याव्यात. डब्यातून आंबूस वास येत असेल तर त्या फिल्मचा ऱ्हास सुरू झाला आहे असे समजावे आणि विलंब करू नये. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढून काढू नयेत, ते फाटतात. अल्बम तसाच आणावा. प्रत्येक वस्तूची प्रत आपल्यासमोर स्कॅन करून मूळ वस्तू त्याच वेळी परत केली जाईल. तिकिटे, प्रवेशपत्रे, शाळेच्या सहलीची पत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे, मुलांनी त्या वयात काढलेली चित्रे यांपैकी काहीही क्षुल्लक मानू नये.

यापेक्षा निकडीची गरज माणसांची आहे. पार्कमध्ये प्राण्यांना खाणे घालणारे, पिंजरे धुणारे, आजारी पिलाशेजारी रात्र काढणारे सेवक, माहूत, माळी, फुलराणीचे चालक आणि तिकिटे फाडणारे कर्मचारी यांची वये आता पुष्कळ झाली आहेत. अधिकाऱ्यांची नावे दप्तरात सापडतात. कोणत्या सिंहिणीने कोणाच्या हातून खाल्ले आणि स्थलांतराच्या दिवशी कोणता प्राणी गाडीत चढायला तयार नव्हता, हे दप्तरात लिहिलेले नसते. अशी व्यक्ती आपल्या घरात, वस्तीत किंवा नात्यात असेल तर कृपया समितीला कळवावे. आमचे कार्यकर्ते त्यांच्या सवडीने घरी येऊन ध्वनिमुद्रण करतील, मुद्रण त्यांना ऐकवतील आणि त्यांची लेखी संमती मिळाल्याशिवाय ते कोठेही वापरणार नाहीत. बोलताना कडू आठवणी निघाल्या तरी त्या गाळल्या जाणार नाहीत.

निधी लागेल तो मुख्यतः स्कॅनिंगची यंत्रसामग्री, आम्लमुक्त कागदाची पाकिटे व खोकी, ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन आणि उद्यानात लावायच्या माहितीफलकांसाठी. जुने पिंजरे ज्या जागी होते त्या जागी कोणता प्राणी होता आणि तो पुढे कोठे गेला हे सांगणारे साधे मराठी फलक लावावेत, अशी योजना आहे. त्यासाठी महापालिकेची रीतसर परवानगी घेतली जाईल आणि ती मिळेपर्यंत फलकांसाठी आलेली रक्कम अन्य कामांकडे वळवली जाणार नाही. कार्यकर्ते मानधन घेणार नाहीत. देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती मिळेल आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च समितीच्या सूचनाफलकावर लावला जाईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी महिन्यातून एखादा रविवार दिला, तरी मोठी मदत होईल. मोडी वाचता येणारे, जुनी छायाचित्रे हाताळण्याचा अनुभव असलेले आणि शांतपणे दुसऱ्याचे ऐकून घेऊ शकणारे स्वयंसेवक विशेष हवे आहेत.

छायाचित्र देताना त्यामागे पेन्सिलीने काही लिहू नये. वेगळ्या कागदावर अंदाजे वर्ष, फोटोतील व्यक्तींची नावे, फोटो कोणी काढला आणि आपली नावे जाहीर करण्यास हरकत आहे की नाही, एवढे लिहून तो कागद सोबत जोडावा. वर्ष आठवत नसेल तर त्या वेळी मूल कितवीत होते ते लिहिले तरी चालेल.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य