जर्मनीतल्या कोलोनहून आप्पांना आणि आईला

ति. आप्पा आणि सौ. आई यांस,

साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. नोकरी, खोली, थंडी आणि जेवण यांविषयी दर रविवारी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. जिभाऊच्या मोबाइलवर मी जो फोटो पाठवला होता, तो पाहिल्यापासून आईचा जीव टांगणीला लागला आहे, असे त्याने सांगितले. टेबलावर बियरच्या बाटल्या आणि भोवती परकी माणसे पाहून कोणत्याही आईला काळजी वाटणारच. परंतु ती बैठक गाणे-बजावणे, म्हणजे जॅझ संगीताच्या तबकड्या, ऐकण्याची आहे, घर एका निवृत्त शिक्षिकेचे आहे, मी तिथे सफरचंदाचा रस पिते आणि दहाच्या आत सगळे उठतात. ट्राम माझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. तेव्हा आईने याचा घोर लावून घेऊ नये.

आप्पा, जॅझ म्हणजे नाचगाण्याचा धिंगाणा, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय लोकांनी हे संगीत घडवले. मूळ चाल सर्वांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने तिच्या आधाराने सुचेल तसा विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा सर्वांनी चालीवर यायचे. एकादशीच्या भजनात तुम्ही पेटीवर अभंगाची चाल सोडून लांबवर जाता आणि नेमके समेवर येता, तसेच हे आहे.

तिथली रीत मात्र नीट समजावून सांगावी लागेल, कारण मलाही ती पुष्कळ दिवस उमगली नव्हती. प्रत्येकाने एकच तबकडी आणायची, आणि तीही थोर म्हणून नव्हे, तर हल्ली आपण घरी जी आवडीने ऐकत आहोत तीच. आणणाऱ्याने आधी उभे राहून सांगायचे, की ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेचे, कुठे झालेले आणि कोणते वाद्य कोणी वाजवले. मग शिक्षिकाबाई दोन्ही तळव्यांनी फक्त कडा धरून तबकडी वेष्टनातून काढतात, ती फिरू लागल्यावर मऊ ब्रश टेकवून धूळ टिपतात आणि सुई ठेवतात. तेव्हापासून सुई उचलेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही. आपल्याकडे एखादी सुंदर जागा आली की तोंडातून ‘वा’ निघतेच. इथे कोणी मानसुद्धा डोलावत नाही, सगळे डोळे मिटून बसतात. एक बाजू संपल्यावरही थोडा वेळ शांतता असते आणि मग मात्र चर्चा आवरत नाही. हीच माणसे प्रत्यक्ष मैफलीला गेली, की एका वादकाचा विस्तार संपताच, बाकीच्यांचे वादन चालू असतानाच, टाळ्या वाजवतात! असे का, म्हणून मी विचारले, तर शिक्षिकाबाई म्हणाल्या की समोरच्या वादकाला दाद पोहोचते, तबकडीतल्याला पोहोचत नाही. मला हे पटलेले नाही, कारण दाद ऐकणाऱ्याचीही गरज असते. परंतु त्यांच्या घरी मी त्यांची रीत पाळते.

मागच्या बैठकीला एका निवृत्त ट्रामचालक काकांनी बिल एव्हान्स या पियानोवादकाची तबकडी आणली होती. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी, रविवारी, ती ध्वनिमुद्रित झाली. वादनामागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. पियानोशी बरोबरीने बोलणारा मोठा बास, म्हणजे उभे धरायचे खर्जातले तंतुवाद्य, स्कॉट लाफारोने वाजवला आहे. तो अवघ्या २५ वर्षांचा होता आणि त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. तबकडीतली पहिली आणि शेवटची रचना त्याचीच आहे. काकांना हे सारे पाठ आहे, तरी सांगताना त्यांचा आवाज दाटून आला. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंनी सॉनी क्लार्क या पियानोवादकाची १९५८ सालची तबकडी आणली. तिचे ध्वनिमुद्रण करणारे रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देत आणि आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करीत. ती काढणारी ‘ब्लू नोट’ कंपनी बर्लिनहून अमेरिकेला गेलेल्या आल्फ्रेड लायन यांनी १९३९ साली उभी केली, हे इथली माणसे अभिमानाने आणि थोड्या शरमेनेही सांगतात, कारण त्यांचे सहकारी फ्रान्सिस वुल्फ यांना ज्यू म्हणून जर्मनी सोडून पळावे लागले होते.

मी नेली ती ॲलिस कोल्ट्रेन यांची, स्वामी सच्चिदानंदांच्या नावाची, १९७१ साली निघालेली तबकडी. आप्पा, ती तंबोऱ्याने सुरू होते. त्यावर बासची एकच ओळ फिरत राहते, मग त्यांची हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचे पुष्कळ तारांचे वाद्य, आणि फॅरो सँडर्स यांचा सॅक्सोफोन येतो. तंबोरा लागला आणि मला आपली ओसरी इतकी आठवली की पुढचे काही क्षण मी काहीच ऐकले नाही. बाजू संपल्यावर सर्वांनी मला तंबोऱ्याविषयीच विचारले, आणि तुमच्याकडून ऐकलेले तेवढे मी सांगितले. ही तबकडी मी विकत घेतली आहे. रुपयांत तिची किंमत अडीच हजारांवर जाते, म्हणून फोनवर सांगितले नव्हते. एवढी एकच घेतली आहे.

या बाई डेट्रॉइटच्या. लहान वयातच चर्चमध्ये वाजवू लागल्या. त्यांचे पती, थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, १९६७ साली वारले, तेव्हा त्यांच्या पदरी चार लहान मुले होती. त्यांतल्या एकाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलेले. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात अध्यात्मकेंद्र काढले, भजने म्हटली आणि १९८२ साली त्यांची कॅसेट काढली. फक्त आवाज आणि ऑर्गन असलेली तिची आवृत्ती २०२१ साली निघाली, ती जिभाऊच्या मोबाइलवर पाठवली आहे. उच्चार आपल्यासारखे नाहीत म्हणून लगेच बंद करायला सांगू नका, एकदा शेवटपर्यंत ऐका. आईलाही ऐकवा, म्हणजे मी कोणत्या संगतीत बसते ते तिला कळेल.

धाकटीच्या लग्नासाठी दीड लाख रुपये काल आप्पांच्या खात्यावर पाठवले आहेत. बस्ता आणि मंडप त्यातून भागवावा. केळीला भाव नसताना सोसायटीचे नवे कर्ज काढू नये. मला सुटी आठच दिवसांची मिळते आहे, त्यामुळे आखाजीला येणे होणार नाही, हळदीच्या आदल्या रात्री पोहोचेन. लग्नाआधीची तिची ही शेवटची आखाजी, आणि गौराईची गाणी म्हणायला मी तिच्याजवळ नसणार, हे मनाला फार लागते. मी पुष्कळ विनवून पाहिले, पण कामाच्या ठिकाणी ऐकले नाही. मोठी राहिली आणि धाकटीचे आधी कसे, असे फुई विचारत असेल तर तिला सांगा की हे माझ्या मर्जीने होत आहे. भुसावळच्या स्थळाला मी नकार देत नाही. मात्र मी येऊन मुलाशी बोलेपर्यंत शब्द देऊ नये. संध्याकाळी अशा बैठकीला जाणारी बायको त्याला चालेल का, हे मला स्वतः विचारायचे आहे.

वरातीला डीजे सांगू नये, एवढे माझे मागणे आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत, त्यांचा बँड सांगावा. त्याचे पैसे मी वेगळे देईन. सुपारी देण्याआधी त्यांच्यात क्लॅरिनेटवाला आहे की नाही, हे जिभाऊने विचारून मला कळवावे. आईने गुडघ्यांचे औषध चुकवू नये.

आपली लेक