बाबा, ते डोंगल भंगारात देऊ नका

ती. आई-बाबा,
सा.न.

फुकटचं सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे चोरी का, यावरून रविवारी फोनवर मी जरा जास्तच बोलले, आईचा नंतर मेसेज आला की बाबा जेवताना गप्प होते, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं, फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही हे तिसऱ्या माणसाला विचारायची गरज नाही, आई आहेच साक्षीला. टाईप करून पाठवतेय, बाबा तुम्ही फाँट मोठा करून वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, मधले माझे टोमणे गाळू नका.

आधी कामाचं. आजीच्या ओव्यांची फाईल उघडली. तुमच्या माळ्यावरच्या डब्यात जी सीडी मिळाली त्यात ती होती, पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली, आणि इकडे एका जुन्या मशीनवर पेजमेकर चालवून बघितलं तर सगळी पानं जागच्या जागी, तुमची ती वेलबुट्टीची बॉर्डर पण, फक्त अक्षरांच्या जागी ÉÊ आणि कंस आणि डॉलरची खूण असला कचरा. तुम्हाला हे माहितीच आहे, लॉक, म्हणजे ते कॉम्प्युटरला लावायचं डोंगल, लावलं नाही की मराठी टायपिंगच्या त्या सॉफ्टवेअरचे फाँट चढायचेच नाहीत. आणि लॉक गेलं २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठी नदी आपल्या छपाईच्या गाळ्यात शिरली तेव्हा. मशीन गेलं त्याचं तुम्हाला तितकं वाईट वाटलं नव्हतं, पण ते अंगठ्याएवढं डोंगल चिखलातून काढून तुम्ही तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, आईला विचारा, ती अजून त्या तांदळाचं नाव काढते.

मग तुम्ही त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केलात. नाव लिहीत नाही, त्यांचं काम चांगलंच होतं, मराठी छपाईवर त्या काळात अशा लोकांचे उपकार आहेत. पण उत्तर काय मिळालं? ते व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. म्हणजे आईच्या भिशीचे सगळे पैसे घालून तुम्ही जे बिलासकट घेतलं होतं ते बंद, आणि स्टँडसमोरच्या डीटीपीवाल्याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली शंभर रुपयांची कॉपी, जिच्यातलं लॉक कोणीतरी आधीच फोडून ठेवलं होतं, ती त्याच्या पोराच्या लॅपटॉपवर अजून चालते! मला राग येतो तो याचा. तुम्हाला राग आला त्या डीटीपीवाल्याचा. आपलं भांडण खरं तर इथेच आहे.

तुम्ही म्हणता फुकट वापरणारे आणि चोरणारे सगळे एकच. तुमच्यासारखंच म्हणणारा एक मुलगा होता, वीस वर्षांचा, बिल गेट्स. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं, की आम्ही अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी बेसिक हे सॉफ्टवेअर लिहिलं, वापरतात सगळे आणि विकत घेतलंय दहा टक्क्यांहून कमी लोकांनी, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असं असेल तर चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं कोणी? बाबा, मी पगार याच धंद्यातून घेते, मला त्याचं म्हणणं चूक वाटत नाही. माणूस महिनोन्महिने बसून लिहितो, त्याला पैसे मिळायला हवेत. तुम्ही लग्नपत्रिकेचं प्रूफ नेऊन छपाई दुसरीकडे करणाऱ्या लोकांना जे बोलायचा ते मी लहानपणी ऐकलंय, इथे लिहिता येणार नाही.

पण तुमच्यासारख्याच प्रिंटरवाल्याची दुसरी एक गोष्ट आहे. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सने लेझर प्रिंटर दिला, आणि तो सारखा पेपर जॅम करायचा. तिथे रिचर्ड स्टॉलमन म्हणून एक जण होता, त्याने आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये हात घालून असं करून ठेवलेलं की कागद अडकला की ज्यांची प्रिंट रांगेत आहे त्यांना स्क्रीनवर निरोप जाईल. नव्या प्रिंटरला तसंच करायला गेला तर सोर्स कोडच, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूरच, नाही, आणि ज्याच्याकडे होता त्याने सांगितलं, देणार नाही, तसं कबूल करून बसलोय. या माणसाने पुढे १९८३ मध्ये कोडसकट मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रोजेक्ट जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल नावाचं, कोड बघायची-बदलायची मुभा देणारं लायसन्स आणलं, लिनक्स, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा, त्याच लायसन्सखाली आहे आणि आईच्या फोनच्या पोटात लिनक्सच आहे. स्टॉलमन फुकट द्या असं म्हणतच नव्हता, विका की खुशाल. तो म्हणत होता मशीन माझ्या टेबलावर आहे तर झाकण उघडायला मला का बंदी. तुम्ही आपल्या ऑफसेटचा रोलर स्वतः बदलायचा, कंपनीला विचारायला जायचा का?

आणि विकत घेतलं विकत घेतलं म्हणता, तर बाबा, तुम्ही ते विकत घेतलंच नव्हतं. खोक्यात जो बारीक अक्षरातला कागद होता ना, ज्यावर आई पोळपाट ठेवायची, त्यात असं असतं की मालक आम्हीच, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. ऑफसेट तुमचा, शाई तुमची, कागद तुमचा, आणि अक्षरं भाड्याची. तेव्हा निदान एकदाच भाडं घ्यायचे. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या ॲडोबीने नवी व्हर्जन सीडीवर कायमची विकायची बंद केली आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचं सुरू केलं, आता सगळेच तसं करतात, आमची कंपनीसुद्धा. मीटिंगमध्ये त्याला आम्ही काय गोड नावं देतो ते तुम्ही ऐकलं तर हसाल.

कायदा मात्र तुम्हाला वाटतो तितका कडक नाहीये, हे मी मुद्दाम वाचलं कारण तुम्ही मला चोर म्हणालात. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती'त धरलाय (म्हणजे माझा कोड आणि कविता एकाच कपाटात, कवींची माफी मागून). आणि ५२ व्या कलमात लिहिलंय की ज्याच्याकडे प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे त्याने ती हरवली, खराब झाली तर असू द्यावी म्हणून बॅकअप कॉपी करून ठेवली तर गुन्हा नाही. २०१२ मध्ये ६५अ कलम आलं, कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण त्यात पण हक्कभंग करायच्या हेतूने तोडलं तर असं म्हटलंय. मी तर लॉकला हात पण लावला नाही. फाईलमधला कचरा कॉपी केला आणि कुठल्या खुणेसाठी कुठलं अक्षर ते लावत गेले. ओव्या आजीच्या, टायपिंग तुमचं, यात मी कोणाचं काय चोरलं सांगा.

यासाठीच ते जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारं कन्व्हर्टर वापरलं, ज्याला तुम्ही 'कोणाचं तरी फुकटचं काहीतरी' म्हणालात. आता नीट ऐका कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही टाइपरायटरच्या सवयीने ह्रस्व वेलांटी आधी मारायचा आणि अक्षर नंतर, आणि जुन्या फाँटमध्ये ते तसंच साठवलं जायचं, जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये उलटं, आधी क मग वेलांटी, जसं बोलतो तसं, दाखवताना कॉम्प्युटर ती पुढे नेऊन ठेवतो. रफार पण तसाच, तुमच्याकडे अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे नुसत्या खुणा बदलून भागत नाही, सगळी उचल-ठेव करावी लागते. कोणीतरी अनोळखी माणसाने हे सगळं बसून लिहिलंय आणि कोडसकट मोकळं ठेवलंय.

पण त्याने एक चूक केली होती. माणूस हिंदीवाला असावा. 'दुसऱ्या'तला तो अर्धा र, त्याचा ठोकळा त्याने रफारावर नेऊन बसवला होता, हिंदीत ते अक्षर लागतच नाही ना. त्यामुळे आजीच्या सगळ्या ओव्यांत साऱ्याचं सार्या, वाऱ्याचं वार्या. बंद सॉफ्टवेअर असतं तर कंपनीला मेल करून बसले असते वाट बघत. इथे झाकण उघडून तीन ओळी घातल्या, त्याला पाठवल्या, दोन दिवसांत त्याने घेतल्या, खाली थँक्स लिहिलं. आता सोलापूर-जळगावात कोणी जुनी स्मरणिका काढायला बसला तर त्याचे अर्धे र शाबूत राहतील. खरं सांगू, वर्षभर ऑफिसात काम करून जे समाधान मिळालं नव्हतं ते त्या तीन ओळींनी दिलं.

आणि गंमत बघा, त्या तीन ओळी पाठवायला मला तीन आठवडे लागले! कारण नोकरीत लिहिलेल्या कोडचे मालक आम्ही नसतो. वेगळं काही ठरलं नसेल तर नोकरीच्या कामात केलेल्या गोष्टीची पहिली मालक कंपनीच, असा कायदाच आहे, आणि आमच्या करारात तर घरी बसून केलेलं पण ओढून घेतलंय. रात्री अकराला माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर माझ्या आजीच्या ओव्यांसाठी लिहिलेल्या ओळी, तरी लीगलवाल्यांचं 'हरकत नाही' येईपर्यंत थांबले. बाबा, तुम्ही विचारता ना की तुझ्या नावावर काय आहे? कोडपैकी तरी एवढंच आहे, अर्धा र.

पेटंटचं तुम्ही विचारलेलं, त्यात फार काही नाही. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या ३(के) कलमाने नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, २००४ च्या शेवटी वटहुकूम काढून दार किलकिलं केलं होतं ते २००५ मध्ये संसदेने परत लावलं, आणि बरं केलं. अमेरिकेत ॲमेझॉनला एका क्लिकवर खरेदी करण्याचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं ते २०१७ पर्यंत चाललं, एका क्लिकचं! ओरॅकल आणि गूगल या कंपन्या कोडच्या साडेअकरा हजार ओळींच्या कॉपीराइटवरून २०१० पासून २०२१ पर्यंत कोर्टात भांडले, शेवटी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोनने गूगलच्या बाजूने दिलं. त्या ओळी म्हणजे साधारण रेमिंग्टन कीबोर्डची रचना समजा, कुठली कळ कुठे. उद्या कोणी म्हणालं ती रचना आमची, बोटांची सवय पण आमची, तर तुम्ही काय केलं असतं?

तुमचं एक मात्र बरोबर आहे आणि ते मी रविवारी कबूल केलं नाही. मोकळं ठेवणाऱ्याचं पोट कोण भरतं? २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा घोळ निघाला, अर्ध्या इंटरनेटचं कुलूप ज्या ओपनएसएसएलवर चालतं त्यातच भोक, तेव्हा कळलं की ते सांभाळणारे मूठभर लोक, त्यातला पूर्णवेळ जेमतेम एक. मोठमोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं वापरत होत्या आणि कोणी चहा पाजला नव्हता. त्या कन्व्हर्टरवाल्याला पण मी काही दिलं नाही, तीन ओळी सोडून. याला तुम्ही चोरी म्हणालात तर मी वाद घालणार नाही, पण मग आमच्या धंद्यातले मोठे मोठे लोक आधी रांगेत उभे करा, स्टँडसमोरचा खूप मागे राहील.

बरं, गणपतीला येतेय, एक दिवस आधी. ते डोंगल माझ्यासाठी ठेवा, मी टेबलावर ठेवणार आहे. लिबरऑफिस हे टायपिंगचं मोकळं सॉफ्टवेअर टाकून देते, मराठीत मेनू आहेत, पैसे नाहीत, कुरकुर करू नका. आणि उरलेल्या सीड्या आईच्या लोणच्याच्या बरण्यांपासून लांब.

आणि आई, तुझ्याकडे काम. पहिल्या दहा-बारा पानांत बाबांनीच घाईत अर्ध्या र च्या जागी रफार दिलाय, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, मला एकेक शब्द बघावा लागतोय. बाकी सगळे अंदाजाने लागले पण आठव्या पानावर, भाऊ न्यायला येतो त्या ओवीत, 'दर्या' लिहिलंय. आता आजी दिली गुहागरला, माहेर तिचं घाटावर, तर भाऊ दर्या बघून आला की दऱ्या उतरून आला? दोन्ही बसतंय. बाबांना विचारू नकोस, ते जे टाईप केलंय तेच बरोबर म्हणतील. तू ती ओवी दळताना म्हणायचीस तशी एकदा म्हण आणि व्हॉट्सॲपवर पाठव, माइकचं बटण दाबून धरायचं, सोडायचं नाही.

तुमची,
चिमी