मेहरूण तलावावरील जीवरक्षकांचे जाहीर आभार

अनंत चतुर्दशीला जळगावच्या मेहरूण तलावावर आमच्या मंडळाचे विसर्जन सुरू असताना एक कार्यकर्ता पाय घसरून खोल पाण्यात गेला. ज्या जीवरक्षकांनी त्याला वाचवले त्यांची नावे विचारायची गर्दीत राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात हलवून मदतही मागू शकत नाही. ढोल-ताशांच्या दणदणाटात आम्हा कोणालाही जे दिसले नाही, ते पाण्यावर अखंड नजर ठेवून असलेल्या तुम्हाला दिसले. उडी घेऊ पाहणाऱ्या आमच्या पोरांना तुमच्यातील एकाने दंड धरून काठावरच थांबवले, कारण घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाही मिठी मारून खाली ओढतो. दुसऱ्याने आधी दोर बांधलेली रिंग फेकली आणि ती त्याला धरता येईना तेव्हाच पाण्यात शिरून, मागच्या बाजूने त्याची हनुवटी वर धरत त्याला काठाला आणले. श्वास थांबलेला पाहताच, पोट दाबण्यात वेळ न दवडता, तोंडाने श्वास दिले आणि मग छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम तो खोकेपर्यंत सोडला नाही. प्राणवायूविना मेंदूला ४ ते ६ मिनिटांत इजा होऊ लागते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तुमच्या तत्परतेचे मोल आम्हाला खऱ्या अर्थाने कळले.

तो घरी जाण्याचा हट्ट करत होता. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने काही तासांनीही श्वास अडू शकतो, असे बजावून तुम्हीच त्याला रुग्णालयात पाठवले.

तो आता ठणठणीत आहे. आपण सर्वांनी कळण्याच्या भाकरीला आणि भरिताला घरी यावे, असे त्याच्या आईचे मनापासूनचे आमंत्रण आहे.