ओडरबर्गहून आई-बाबांना

ओडरबर्ग, ब्रांडेनबुर्ग, जर्मनी
ऑक्टोबरअखेर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलणं होतं, पण इथे रेंज येते-जाते आणि आई, तुझा प्रश्न दर वेळी अर्धाच राहतो. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. "थंडी पडायला लागली, आता तरी चार भिंतींच्या घरात जा," असं तू म्हणतेस. ते कशापोटी म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आपल्या जिन्याच्या कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते तू येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून दाखवतेस. घराला रंग दिला, कपाटं नवी केली, तरी जुलै लागला की तुझी झोप उडते. तसल्याच पाण्यावर लेक आणि जावई बोटीत बिऱ्हाड करून राहतात, हे तुझ्या मनाला कसं पटावं? भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. इथलं पाणी कसं आहे, तेवढं सांगते.

बाबा, पावसाळ्यात तुम्ही आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला विचारता. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, धरणाचे दरवाजे किती फुटांवर आहेत. आम्ही राहतो त्या कालव्यांमध्ये ही धाकधूक नाही. दोन लॉकच्या, म्हणजे बोट वर-खाली नेण्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे लावलेल्या हौदांच्या, मधलं पाणी ठरलेल्या पातळीला धरून ठेवलेलं असतं. वाहतं पाणी जवळजवळ नाहीच. नद्यांचं मात्र तसं नाही. इथून जवळच ओडर नदी आहे, पलीकडे पोलंड. १९९७ च्या उन्हाळ्यात तिला मोठा पूर आला होता. त्या नदीत आम्ही बोट घालत नाही, घालणारही नाही. कालवे, तळी आणि बांध घालून शांत केलेली हाफेल नदी, एवढंच आमचं जग.

सप्टेंबरात आम्ही उत्तरेला म्युरित्झ सरोवरावर होतो. संपूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं हे सगळ्यात मोठं सरोवर. तिथे वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात, म्हणून वारेन गावच्या धक्क्याला वारा पडेपर्यंत थांबलो आणि एका सकाळी उजाडताच सरोवर ओलांडलं. त्या दिवसांत क्रौंच पक्षी येतात. दक्षिणेकडे जायच्या आधी त्यांचे हजारोंचे थवे या भागात मुक्काम करतात, दिवसभर कापणी झालेल्या मक्याच्या शेतात चरतात आणि अंधार पडायच्या आत उथळ पाण्यात उभं राहून रात्र काढायला परततात. आवाज लांबून तुतारीसारखा येतो. आई, तुझ्या तोंडून वाल्मीकींची गोष्ट कितीदा ऐकली असेन, पण क्रौंच पहिल्यांदा पाहिला तो इथे.

तिथून हाफेलच्या वाटेने एकेक लॉक उतरत दक्षिणेला आलो. बाबा, या छोट्या लॉकवर बहुतेक ठिकाणी माणूस नसतो. आधी एक दांडा लागतो, तो बोटीवरूनच हात लांबवून फिरवायचा. मग आपला नंबर येईपर्यंत लाल दिवा. हिरवा झाला की हळूच आत शिरायचं. मी पुढचा दोर धरते, अनिकेत मागचा. दोर भिंतीवरच्या खुंटाला नुसता वळसा घालून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. पाणी खाली जायला लागलं की बोट उतरते, तसा दोर सोडत राहायचं. गाठ मारली तर बोट दोराला लटकेल. मागचे दरवाजे पाण्याच्या दाबानेच एकमेकांवर घट्ट बसतात, फटीतून पाण्याची बारीक धार उडत असते, आणि ओल्या भिंतीवर शेवाळ, शिंपल्या, कोळ्यांची जाळी वर सरकताना दिसतात. मला हे कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. लहानपणी तुम्ही मला धरणाच्या भिंतीवर नेऊन दरवाजे कसे उचलतात ते समजावलं होतं, त्याचाच हा परिणाम असणार.

शरद ऋतूत कामं वाढतात. पानं गळून पाण्यावर जाड थर होतो आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी आत ओढलं जातं त्याची गाळणी तुंबते. ती रोज सकाळी उघडून साफ करावी लागते. धुकं असलं तर ते उठेपर्यंत निघायचं नाही. लॉकच्या वेळाही ऑक्टोबरपासून कमी होतात आणि हिवाळ्यात काही देखभालीसाठी बंदच ठेवतात. त्यामुळे कुठे पोचायचं हे आधी ठरवूनच निघावं लागतं. काळोखात आम्ही कधीच चालवत नाही.

फ्युर्स्टेनबर्गला तळ्याच्या काठी राव्हेन्सब्रुक आहे. १९३९ ते १९४५ मध्ये तिथे नाझींची स्त्रियांसाठीची छळछावणी होती. सव्वा लाखाच्या आसपास बायका-मुलं तिथे कोंडली गेली. समोरच्या काठावर गावाचं चर्च, घरं, सगळं स्पष्ट दिसतं. आम्ही अर्धा दिवस तिथे होतो. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही याल तेव्हा सोबत जाऊ.

पुढे त्सेडेनिक. तिथे विटांच्या भट्ट्या होत्या, माती काढलेल्या खाणींची आता तळी झाली आहेत. विटा हाफेलवरून पडावांनी बर्लिनला जायच्या. बर्लिन पडावांतून उतरवून बांधलं, असं इथे म्हणतात. पुढे लीबेनवाल्डेशी वळून मोठ्या कालव्याला लागलो आणि बाबा, केवळ तुमच्यासाठी पूर्वेकडे, हिवाळ्याच्या मुक्कामाच्या उलट दिशेला निघालो.

नीडरफिनोचं जहाज उचलणारं यंत्र! कालवा टेकाडाच्या कडेला येऊन थांबतो आणि समोर ३६ मीटर खाली पुन्हा सुरू होतो. १९१४ मध्ये कालवा सुरू झाला तेव्हा इथे एकापाठोपाठ चार लॉक होते. मग १९३४ मध्ये पोलादी सांगाड्याचं यंत्र उभं राहिलं आणि त्याच्या शेजारी २०२२ मध्ये नवं, जास्त लांबीच्या बोटींसाठी. आम्ही नव्यातून उतरलो. पाण्याने भरलेला ११५ मीटर लांबीचा हौद, त्यात आपली बोट आणि मागे कोळशाची रिकामी पोलिश बार्ज. दरवाजे लागले आणि अख्खा हौद २२४ तारांवर खाली निघाला. तीन मिनिटं. झाडांचे शेंडे, पिवळी पडलेली बीचची रानं, खालचं सपाट शेत, सगळं हळूहळू वर येत गेलं. ना धक्का, ना आवाज.

तुम्ही विचाराल, एवढं वजन उचलायला वीज किती? जुन्या यंत्रात ४,३०० टनांचा भरलेला हौद चार मोटारी हलवतात, प्रत्येकी ५५ किलोवॅटच्या. कारण तेवढ्याच वजनाचे काँक्रीटचे ठोकळे तारांच्या दुसऱ्या टोकाला आहेत. आणि बोट आत आली तरी वजन वाढत नाही, आपल्या वजनाइतकंच पाणी ती बाहेर सारते. आर्किमिडीज तुम्हीच शिकवला होतात, बादलीत वाटी सोडून. शिवाय लॉकमध्ये दर फेरीला भरपूर पाणी खाली जातं, इथे जवळजवळ काहीच नाही. कोरड्या उन्हाळ्यांनंतर याची किंमत तुमच्याइतकी कोणाला कळेल?

आता आई, तुझ्यासाठी. आत डिझेलचा हीटर आहे, सकाळी बाहेर दोन अंश असलं तरी आत स्वेटर लागत नाही. काचांवर दव धरतं, ते पुसून काढते. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म झोपायच्या खणात लावला आहे आणि डेकवर जाताना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आम्ही दोघंही पाऊल टाकत नाही. पिण्याचं पाणी टाकीत भरून घेतो, संडासाचं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं आणि बंदरावर पंपाने काढून घेतात, तळ्यात सोडत नाही.

आणि खायची आबाळ नाही. गावोगावी शेतकरी रस्त्यावर टेबल मांडून लाल भोपळे ठेवतात, सोबत पैसे टाकायला डबा. माणूस कोणी नाही. काल तसाच एक आणला, किसून गुळात शिजवला आणि घारगे केले. शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्या जर्मन आजोबांना दिले, त्यांनी बदल्यात धुरी दिलेला मासा दिला. आकाशकंदील मागच्या ताडपत्रीखाली लावला आहे, किल्ला तेवढा जमला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वर चढून पश्चिमेला बर्लिनमधल्या स्पांडाऊकडे जाऊ. तिथे धक्क्यावरची वीज मिळते, बोट मार्चपर्यंत तिथेच. गोठवणाऱ्या दिवसांत नळ बंद करतात, तेव्हा पाणी कॅनने आणायचं, इतकंच.

मे महिन्यात तुम्ही दोघं या. पुढची केबिन तुमची, पायऱ्या तीनच आहेत आणि आईच्या गुडघ्यासाठी अनिकेत कठडा बसवणार आहे. आई, तू आधी काठावर उभी राहून बघ, वाटलं तरच बोटीत पाय ठेव. जबरदस्ती नाही. जवळच खोली घेऊन ठेवू, रात्री तिथे झोपलीस तरी चालेल. बाबांना मात्र नीडरफिनोला न्यायचंच आहे. आईच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, तो या महिन्यातच नूतनीकरणाला टाका, म्हणजे व्हिसाला वेळ राहील. आणि येताना मेतकूट आणा, इथलं संपलं.

तुमची,
मुग्धा