सातारा ते सिडनी: आई-बाबांना पत्र

सिडनी, ५ मे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, तिकिटाच्या पाठीमागे तुम्ही पेन्सिलीने मांडलेल्या हिशेबाचा फोटो मिळाला. मुंबईहून रात्री ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७.४५ ला सिडनी, म्हणजे सव्वावीस तास, आणि आईचे गुडघे एवढे निभावणार नाहीत, असा निकाल खाली दोन रेघा ओढून दिलेला आहे. वजाबाकी बरोबर आहे, फक्त दोन्ही वेळा एका घड्याळातल्या नाहीत. सध्या सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, त्यामुळे खरा प्रवास पावणेसोळा तासांचा आहे: सिंगापूरपर्यंत साडेपाच, तिथे अडीच तासांचा थांबा आणि पुढे पावणेआठ. परतीच्या तिकिटावर सकाळी ११ ते रात्री १०.४५ पाहून मात्र हुरळून जाऊ नका. तो प्रवास सव्वासोळा तासांचा, म्हणजे येण्यापेक्षा अर्धा तास जास्तच आहे, कारण ऑस्ट्रेलियावरून पश्चिमेकडे जाताना उंचावरचे वारे समोरून येतात.

दादाने सुचवलेले दुबईमार्गे जाणारे स्वस्त तिकीट मी का घेतले नाही, तेही सांगते. तुमच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून सिडनीपर्यंत दोरा ताणून धरा; नकाशावर पट्टी ठेवू नका, सपाट कागद अंतराच्या बाबतीत फसवतो. दोरा सुमात्राच्या किनाऱ्याला लागून जाईल आणि सिंगापूर त्याच्या बाजूलाच दिसेल. सरळ अंतर सुमारे १०,१५० किलोमीटर आहे, आणि सिंगापूरला उतरल्याने त्यात शंभर किलोमीटरचीही भर पडत नाही. दुबईमार्गे हेच अंतर जवळजवळ १४,००० होते, म्हणजे साताऱ्याहून पुण्याला जायचे म्हणून आधी कराड गाठण्याचा द्राविडी प्राणायाम. शिवाय दुबईपासून पुढचा टप्पा सलग तेरा-चौदा तासांचा असतो. सिंगापूरला आईला निदान मध्ये पाय मोकळे करता येतील.

मला खरी धास्ती वाटते ती साताऱ्याहून मुंबई गाठण्याची. अडीचशे किलोमीटर, त्यात घाट, त्यात पनवेलपासूनची गर्दी, आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. त्याच दिवशी सकाळी निघालात तर विमानात बसण्याआधीच अंग आंबून जाईल. म्हणून आदल्या दिवशी निघून मावशीकडे मुक्काम करा. तिला मी कळवले आहे.

आई, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, आणि घड्याळ पुढे सरकल्यावर रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आण. विमानात तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मार. खाऊ आणायचा असेल तर उतरताना, सामानात खाण्याचे पदार्थ आहेत का असे विचारणाऱ्या कार्डावर 'होय' अशीच खूण करायची. इथे न सांगता आणलेल्या पदार्थांना दंड होतो, सांगितलेले फार तर काढून घेतात. त्यामुळे पेढे आणि भाजीचे बियाणे साताऱ्यातच राहू दे. तुम्ही याल तेव्हा इथे हिवाळा असेल, म्हणून स्वेटर बॅगेच्या तळाशी न ठेवता वरच ठेव.

शेवटची गोष्ट बाबांना आवडणार नाही. तिन्ही विमानतळांवर मी दोघांसाठीही व्हीलचेअर मागवली आहे. बाबा, तुम्ही अजिंक्यतारा चढता हे मला ठाऊक आहे, पण एकट्या आईला त्यात बसवले तर ती लाजेल आणि चालत सुटेल.

आपली,
धाकटी