डोंगल कोणाच्या हातात? मा. महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

तहसील कचेरीला ‘एजंट’ हा शब्द नवा नाही. आवारातल्या टपरीवर बसून काम करून देणारा, तो एजंट. आता दुसरा येऊ घातलाय, एआय एजंट. हा अर्ज वाचतो, कागद जुळवतो आणि मुभा दिली तर जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, म्हणजे फेरफार, स्वतःच करून मोकळा होतो. मी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) आणि पुढे मंडळ अधिकारी म्हणून तीस वर्षं काढली. छाननीला हा एजंट खुशाल लावा. नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नका.

जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५० आपल्याला पाठ असेलच. तलाठ्याने नोंद धरायची, चावडीवर प्रत लावायची, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची. मग मंडळ अधिकाऱ्याने ती तपासून प्रमाणित करायची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. या पंधरा दिवसांना लोक दिरंगाई म्हणतात.

मी तलाठी असतानाची एक वारस नोंद सांगतो. दोन भावांचा अर्ज, वडिलांचा मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जागेवर. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव अर्जात नव्हतंच. जे कागदावरच नाही ते यंत्राला दिसणार कुठून? मलाही दिसलं नाही. चावडीवरची प्रत गावातल्या एका म्हाताऱ्याने वाचली आणि बहिणीला फोन लावला. तेराव्या दिवशी बाई एसटीने आल्या, हरकतीचा अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, हिस्सा सोडायचा तर मी सोडीन. पण मी नाहीच, असं कसं लिहिलं?’ नोंद तक्रारी झाली, म्हणजे हरकतीमुळे वादातली ठरली.

ऑस्ट्रेलियाने माणसाने तपासायचा असा थांबा काढून पाहिला. तिथल्या ‘रोबोडेट’ योजनेत संगणक वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटायचा आणि ‘तुम्ही भत्ता जास्त घेतला’ म्हणून वसुली लावायचा. ज्यांना वर्षातले चारच महिने काम मिळालं, तेही त्यात सापडले. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या परत करायचं मान्य केलं. रक्कम होती ७२ कोटी डॉलरच्या आसपास.

माणूस बसवूनही फसगत होते, हे स्वतःवरून सांगतो. फेरफार ऑनलाइन झाल्यावर प्रमाणित करायला डिजिटल सहीचा डोंगल आला, मशीनला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्लीच. मार्चची वसुली, त्यात निवडणुकीचं काम. डोंगल ऑपरेटरच्या मशीनला, पिन त्याला पाठ. एका संध्याकाळी शेजारी बसून नुसतं ‘हां, पुढे’ म्हणत मी चाळीसेक नोंदी काढल्या. जुने सातबारे उघडून पाहिले ते पहिल्या पाच-सहांचे. त्यातल्या एका गटाचं क्षेत्र चुकलं होतं. ते कलम १५५ खाली दुरुस्त करून घ्यायला त्या शेतकऱ्याचं वर्ष गेलं. सही माझीच होती.

म्हणून विनंती. एजंटने मसुदा करावा, कुठला कागद कशाशी जुळत नाही ते दाखवावं. नोंद प्रमाणित करणं, वारस कमी करणं, बोजा उतरवणं, निराधार योजनेतल्या म्हातारीचं अनुदान बंद करणं, यातलं काहीही त्याच्या एकट्याच्या भरवशावर नको. शिवाय मसुदे झटपट पडू लागले की नोंदींचा ढीग वाढणार आणि तपासणारा मंडळ अधिकारी एकच राहणार. त्याला दिवसाला किती नोंदी झेपतात, तेही ठरवून द्या.

आढावा बैठकीत आजवर प्रलंबित नोंदींचाच आकडा विचारला जातो. आता नाकारलेल्या नोंदींचाही विचारा. ज्या मंडळात सहा महिन्यांत एकही नोंद नाकारली गेली नसेल, तिथे आधी जाऊन डोंगल कोणाच्या मशीनला लावलाय ते बघा.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी