तिस्तेच्या खोऱ्यात जाताना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सिक्कीमकडे जाणाऱ्या सिवोक–रंगपो रेल्वेमार्गाच्या कामावर रुजू झालास, ऊर भरून आला. पण परवा फोनवर म्हणालास, "बाबा, जवळपास सगळी लाइन बोगद्यातच आहे, नदीला कशाला भ्यायचं?" ते काही मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

त्या खोऱ्यात रेल्वे एकदा येऊन गेली आहे. १९१५ साली दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचा छोटा फाटा तिस्तेच्या काठाकाठाने गिएलखोलापर्यंत पोचला. १९५०च्या पुरात तो वाहून गेला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. अरुंद खोऱ्यात सपाट पट्टी असते ती नदीचीच. आज काठाने महामार्ग जातो, तोही पावसाळ्यात खचतो. म्हणून तर तुमच्या सुमारे ४५ किमीपैकी ३८ किमीहून जास्त मार्ग १४ बोगद्यांत घातलाय. तिस्ता बाजारचं स्टेशनसुद्धा डोंगराच्या पोटात.

पण बोगद्याला तोंड असतं, दोन बोगद्यांमध्ये नाला असतो, नाल्यावर पूल असतो. जीव तिथे अडकलेला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये वर सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण गेलं, आणि खाली तिस्तेचं पात्र गाळाने वर आलं. पात्र वर आलं की जुन्या पूररेषेवर विसंबता येत नाही. तुझ्या नकाशावरची पूररेषा कुठल्या सालची आहे, हे आधी विचार. नवा आहेस म्हणून संकोचू नकोस.

मी बोरघाटात होतो. तिथे काळा कातळ, तरी पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर उतरायची. पहारीचा ठोका मारायचा, आवाज बद्द आला की तो दगड पाडायचा. कुठल्याही अहवालाआधी त्यांना कळायचं. तुमच्याकडचा फिलाइट खडक तर थराथरांचा. पाणी मुरलं की पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून बोगद्याच्या आत जेवढा फिरशील, तेवढाच तोंडावरच्या उतारावर फीर. झरा कुठे फुटतो, झाडं कुठे कलली आहेत, ते स्थानिक मजुरांना विचार. त्यांच्या घरांवरून पाणी गेलंय.

आईने लाडू पाठवलेत. पाऊस सुरू झाला की रात्री नाल्यात उतरू नकोस, आणि तुझ्या माणसांनाही उतरवू नकोस, काम कितीही अडलं तरी.

तुझा,
बाबा